कानावर घालायच्या गोष्टी : प्रस्तावना

१९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे ते गृहपत्र होते. संपादक शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकार. कारखान्याची खबरबात संबंधितांपर्यंत पोचवणे हा मासिकाचा उघड हेतू. पण शंकररावांनी ते तेवढ्यावर ठेवले नाही. तरुणांनी नोकरीमागे न लागता धंद्यात का पडावे, जुन्या रूढी का सोडाव्यात, अशा वाचकाच्या स्वतःच्या जगण्यातल्या विषयांना त्यांनी जागा दिली. ‘खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली, आणि ज्यांचा नांगराशी कधी संबंध आला नव्हता अशा घरांतही किर्लोस्कर हे नाव आपलेपणाने घेतले जाऊ लागले.

पॉडकास्टवरच्या पुस्तकाची प्रस्तावना छापील मासिकापासून सुरू करतो आहे ती मुद्दाम. ‘आपणही पॉडकास्ट करू या’ असे एखाद्या कंपनीत ठरले की पहिली चर्चा माईक कोणता घ्यायचा आणि पाहुणे कोण बोलवायचे यावर होते. हे प्रश्न खरे आहेत, पण ते नंतरचे. आपल्या खर्चाने निघणाऱ्या गोष्टीत कंपनीने स्वतःबद्दल किती बोलावे आणि समोरच्याच्या कामाचे किती, हा त्याआधीचा प्रश्न, आणि तो शंभर वर्षांपूर्वी एका मराठी संपादकापुढेही होता. या विषयात इतकी वर्षे वावरल्यावर माझे मत पक्के झाले आहे. ज्या व्यावसायिक पॉडकास्टमध्ये ऐकणाऱ्याचा प्रश्न परत येऊन पोचायला वाट असते तो टिकतो. ज्यात ती वाट नाही तो कितीही देखणा असला तरी दहा-बारा भागांत विरून जातो. हे पुस्तक त्या वाटेविषयी आहे, म्हणून मी या प्रस्तावनेला आनंदाने होकार दिला.

नवख्या वाचकासाठी आधी माध्यमाची घडण सांगायला हवी. पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवर ठेवलेल्या ध्वनिफिती आणि त्यांची एक साधी यादी. या यादीला फीड म्हणतात. नवा भाग आला की यादीत एक नोंद वाढते. श्रोत्याच्या फोनमधले ॲप ती वाचते आणि भाग त्याच्यापुढे आणून ठेवते. आरएसएस नावाच्या फीडच्या रचनेत ध्वनिफीत जोडण्याची सोय डेव्ह वायनर या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००० सालच्या अखेरीस केली. २००३ मध्ये बॉस्टनचे पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती या वाटेने श्रोत्यांकडे जाऊ लागल्या. ॲडम करी या माजी एमटीव्ही निवेदकाने फीडमधले भाग आयपॉडवर आपोआप चढावेत म्हणून खटपट केली. फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली यांनी ‘द गार्डियन’मधल्या लेखात ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द वापरला, आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिली. तिथून हा छंदिष्टांचा खेळ राहिला नाही.

व्यवसायाच्या दृष्टीने या घडणीतली मोलाची गोष्ट अशी की फीड ज्याची त्याची असते. ती चालवायला रेडिओसारखा परवाना लागत नाही की कोणाकडून वेळ विकत घ्यावा लागत नाही. २०२४ मध्ये गूगलने आपले पॉडकास्ट ॲप बंद केले तेव्हा स्वतःची फीड असलेल्यांचे श्रोते दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन तेच कार्यक्रम ऐकू शकले. एखाद्या समाजमाध्यमावरच्या पानाबद्दल असे म्हणता येत नाही. ज्या कंपनीला पाच-दहा वर्षे बोलायचे आहे तिने या एका तांत्रिक मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नये. बाकीचे तंत्र शिकायला आठवडा पुरतो.

आवाजातून धंद्याची गोष्ट सांगण्याची कला मात्र याहून बरीच जुनी आहे. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावरून क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने जॅक्सन हाइट्स इथल्या आपल्या सदनिकांविषयी एक भाषण प्रसारित केले. पैसे मोजून घेतलेला रेडिओवरचा हा पहिला वेळ समजला जातो. वक्त्याने आरंभीच घरांचा भाव सांगितला नाही. ज्यांचे नाव इमारतीला दिले होते त्या नॅथॅनियल हॉथॉर्न या लेखकापासून त्याने सुरुवात केली आणि मग गर्दीबाहेरच्या, मोकळ्या हवेतल्या जगण्याकडे वळला. १९३३ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या ऑक्सिडॉल या साबणासाठी ‘मा पर्किन्स’ ही मालिका सुरू झाली. दिवसा चालणाऱ्या अशा मालिकांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव साबणवाल्यांमुळेच पडले. आपल्याकडे १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ गाजली, तीही एका टूथपेस्टच्या नावाने. तिचे निवेदक अमीन सायानी यांचा आवाज लोकांना घरातल्या माणसाचा वाटे याचे एक कारण त्यांची लकब. दुसरे, तितकेच मोठे, म्हणजे श्रोत्यांची पत्रे आणि गावोगावचे श्रोता संघ. कोणते गाणे कितव्या पायरीवर, यात ऐकणाऱ्यांनाही मत होते. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या, त्यांची सुरुवात मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांपासून झाली.

पण मला सर्वांत जास्त शिकवून गेलेला प्रयोग जाहिरातीचा नव्हता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे उभी केली. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. गावातली वीसएक माणसे एकत्र बसून तो ऐकत, लगेच त्यावर बोलत, आणि निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवत. या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यात तीन तऱ्हेची गावे ताडून पाहिली गेली: जिथे मंडळ होते, जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि जिथे रेडिओच नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती तितकी नव्हती.

या दोन्ही तऱ्हांच्या गावांत ऐकू येणारा आवाज तोच होता, विषयही तेच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याने आणि उत्तर येणार या खात्रीने. खतकंपन्या, बी-बियाण्यांचे व्यापारी, बँका, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने या सगळ्यांना लोकांशी बोलायचे आहे. त्यांच्यासाठी सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यांत नमुना तयार झाला होता. आपण तो विसरलो आणि आता अमेरिकेतल्या मार्केटिंगच्या पुस्तकांत त्याचे तुकडे शोधतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. लेखिकेने या प्रयोगाला पुस्तकात मानाचे स्थान दिले आहे, ते योग्यच.

व्यवसायाने पॉडकास्ट वापरण्याच्या रीती गेल्या वीस वर्षांत वेगवेगळ्या दिशांनी वाढल्या. सर्वांत सोपी रीत प्रायोजकाची. दुसऱ्याचा कार्यक्रम, त्यात आपला उल्लेख. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘सीरियल’ ही शोधपत्रकारितेची मालिका आली आणि तिच्याबरोबर मेलचिंप या कंपनीची छोटी जाहिरातही जगभर पोचली. त्या जाहिरातीत रस्त्यावरची साधी माणसे कंपनीचे नाव वाचतात आणि एकीचा उच्चार चुकतो. तो चुकलेला उच्चारच लोकांच्या लक्षात राहिला. निवेदकाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली जाहिरात ऐकणाऱ्याला टोचत नाही, हे या क्षेत्रातले पहिले मोठे शहाणपण. त्यात धोकाही आहे: निवेदकाची पत आणि मालाची पत एकमेकींत अडकतात. न वापरलेल्या वस्तूची भलामण करणारा निवेदक दोघांचेही नुकसान करतो.

दुसरी रीत गोष्टीची. २०१५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ‘द मेसेज’ ही आठ भागांची विज्ञानकथा काढली. अवकाशातून आलेल्या संदेशाचा उलगडा करणारी ती कल्पित कहाणी. ध्वनिलहरींचे तंत्रज्ञान हा तिचा कंपनीशी असलेला धागा, आणि कंपनीचे नाव कथेत जवळजवळ नाहीच. ती आयट्यून्सच्या यादीत अव्वल ठरली. १९५० च्या दशकात याच कंपनीने रोनाल्ड रेगन यांच्या निवेदनासह ‘जनरल इलेक्ट्रिक थिएटर’ चालवले होते, तेव्हा ही परंपरा तिच्या घरातलीच. २०१६ मध्ये ईबेने गिमलेट या निर्मितीसंस्थेबरोबर ‘ओपन फॉर बिझनेस’ काढले, ते मात्र खऱ्या छोट्या उद्योजकांविषयी, म्हणजे ज्यांच्या विक्रीवर ईबे चालते त्यांच्याविषयी. मला या दोन्हींत दुसऱ्याचे अनुकरण अधिक शक्य आणि अधिक फायद्याचे वाटते. विज्ञानकथेला लेखक, नट आणि मोठा खर्च लागतो. आपल्याच गिऱ्हाइकांच्या धंद्याची गोष्ट सांगायला कान आणि वेळ लागतो.

तिसरी रीत जाणकारीची: सल्लागार, संशोधन संस्था, वकील, लेखापाल आपले ज्ञान उघडे करतात आणि त्यातून विश्वास जमवतात. ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’चा ‘एचबीआर आयडियाकास्ट’ २००६ पासून चालू आहे. यंत्रे, रसायने, सॉफ्टवेअर कंपन्यांनाच विकणाऱ्या कंपन्यांनी याला एक जोड दिली. ज्याच्याशी व्यवहार व्हावा असे वाटते त्यालाच पाहुणा म्हणून बोलवायचे. मुलाखत खरी असेल तर यात गैर काही नाही. पाहुण्याला तासभर नीट ऐकून घेणे ही व्यवहाराची उत्तम सुरुवात असते. पण मुलाखतीच्या अखेरीस वस्तूची माहितीपत्रिका पुढे सरकवली की पाहुणाही गेला आणि श्रोताही.

चौथी रीत मला विशेष आवडते, कारण ती बडेजाव करत नाही. अमेरिकेतल्या ट्रेडर जोज या किराणा दुकानांच्या साखळीने २०१८ मध्ये ‘इनसाइड ट्रेडर जोज’ हा पॉडकास्ट सुरू केला. आधी पाच भागांचीच मालिका ठरली होती, पुढे ती चालूच राहिली. त्यात कंपनीचीच माणसे बोलतात: माल कुठून येतो, चवी कशा ठरतात, एखादा आवडता पदार्थ फळीवरून का नाहीसा झाला. हे प्रश्न गल्ल्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे आहेत. आपल्याकडच्या कोणत्याही मिठाईच्या दुकानाला, कापडाच्या पेढीला, प्रकाशन संस्थेला असे पन्नास प्रश्न रोज विचारले जातात आणि दुकानातला माणूस त्यांची तोंडपाठ उत्तरे देत असतो. पॉडकास्टचा मजकूर तिथे आधीच तयार आहे.

भारतातली वाट २०१६ नंतर रुंदावली. त्या वर्षी सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि तासभराचा कार्यक्रम ऐकणे ही चैन उरली नाही. त्याआधी वर्षभर, २०१५ मध्ये, मुंबईत आयव्हीएम पॉडकास्ट्स ही निर्मितीसंस्था सुरू झाली होती. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आले आणि मराठी माणसाला पुस्तक ऐकायची सवय लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय आले. २०२३ पासून झिरोधा या शेअर दलाली कंपनीचे निखिल कामत स्वतःच यजमान होऊन उद्योजकांशी तासन्‌तास बोलू लागले, आणि कंपनीच्या प्रमुखानेच माईकपुढे बसायचे हा प्रकार इथेही रुळला. मराठीत ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’, ‘मित्रम्हणे’ यांनी दाखवून दिले की आपला श्रोता लांब गप्पा ऐकायला तयार आहे. यातले बरेचसे ऐकणे यूट्यूबवर होते. पॉडकास्ट पाहणारे-ऐकणारे जगभरातले शंभर कोटींहून अधिक लोक महिन्याला आपल्या मंचावर येतात, असे यूट्यूबने २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणून कॅमेरा लावावा का? लावावा, जमत असेल तर. मात्र बोलणे असे असावे की डोळे दुसरीकडे गुंतलेल्या माणसाला काहीही न गमावता ते ऐकता आले पाहिजे. टेम्पो चालवणारा, शिलाई मशीनवर बसलेली, गोठ्यात धार काढणारा, लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून उभी असलेली, ही माणसे पडद्याकडे पाहू शकत नाहीत आणि त्यांच्याशी बोलण्याचे दुसरे साधन व्यवसायाकडे नाही.

याच संदर्भात व्हॉट्सॲपवरच्या आवाजी निरोपांचा विचार करावा लागतो. व्हॉट्सॲपने ही सोय २०१३ मध्ये आणली आणि २०२२ मध्ये सांगितले की जगभर रोज सरासरी सातशे कोटी आवाजी निरोप धाडले जातात. द्राक्षबागांना सल्ला देणारा जाणकार पावसाची चिन्हे दिसताच चार मिनिटांचा निरोप गटावर टाकतो. बागायतदार तो ऐकतो आणि पानाचा फोटो काढून उलट प्रश्न विचारतो. फीड नाही, बोधचिन्ह नाही, सुरुवातीचे संगीत नाही, पण व्यवसायसंवाद म्हणून हा अव्वल दर्जाचा आहे. पॉडकास्टच्या रूढ व्याख्येत हे बसत नाही असा आक्षेप येईल. लेखिकेने तो बाजूला सारून या प्रकाराला पुस्तकात घेतले, हे धाडस मला आवडले.

कंपनीच्या आत चालणाऱ्या पॉडकास्टबद्दल फार कमी लिहिले जाते, कारण तो बाहेरच्यांना ऐकू येत नाही. खाजगी फीड फक्त कर्मचाऱ्यांना मिळते. काही ठिकाणी ती ज्याला-त्याला वेगळी दिलेली असते. माझ्या मते या माध्यमाचा सर्वांत सकस उपयोग इथे आहे. कार्यालयात बसणाऱ्याला ईमेल पोचते. पण कंपनीची बरीच माणसे कार्यालयात नसतात. औषधविक्रीचे प्रतिनिधी दिवसभर मोटारसायकलवर असतात, सर्व्हिस इंजिनियर एका गावातून दुसऱ्या गावात जात असतात, गोदामातल्या माणसाकडे कंपनीचा ईमेल पत्ताच नसतो. पगाररचना बदलली, कारखाना दुसरीकडे हलणार, नवा मालक आला, अशा वेळी परिपत्रकातले वाक्य दहा तऱ्हांनी वाचले जाते आणि चहाच्या टपरीवर अकरावा अर्थ तयार होतो. प्रमुखाने स्वतःच्या आवाजात, न अडखळण्याचा आव न आणता, निर्णय का घेतला आणि कशाची खात्री अजून नाही हे बारा मिनिटांत सांगितले, तर अफवेची जागा पुष्कळ कमी होते. त्यासाठी प्रमुखाला अवघड प्रश्न विचारणारा माणूस समोर हवा, आणि ते प्रश्न खरोखर कामगारांकडून आलेले हवेत. प्रश्न निवडताना नेमका बोचणारा प्रश्न गाळला तर दुसऱ्या भागाला कोणी थांबत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मोजमाप. व्यवस्थापनाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो: किती जणांनी ऐकले? डाउनलोडचा आकडा पुढे ठेवला जातो आणि तो पाहून निराशा होते किंवा खोटा आनंद. हा आकडा दिसतो तितका पक्का नाही. जाहिरात क्षेत्रातल्या आयएबी टेक लॅबच्या नियमांप्रमाणे किमान मिनिटभराचा ध्वनी उतरला तर एक डाउनलोड धरतात. तो कोणी ऐकला का, हे त्यातून कळत नाही. २०२३ मध्ये ॲपलने आयफोनमधल्या आपोआप उतरवून घेण्याच्या पद्धतीत बदल केला आणि अनेक नामांकित कार्यक्रमांचे आकडे खाली आले, श्रोते तेवढेच असताना. ज्या पंप उत्पादकाचे राज्यभरात मिळून तीनशे विक्रेते आहेत, त्याचा भाग दोनशे जणांनी शेवटपर्यंत ऐकला तर त्याहून मोठे यश कोणते? त्या दोनशेंपैकी किती जणांनी फोन केला, कोणती तक्रार कमी झाली, कोणता प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही, हे मोजायला मार्केटिंगच्या माणसाला विक्री विभागाच्या टेबलाजवळ जाऊन बसावे लागते. ते बसत नाहीत, म्हणून डाउनलोड मोजतात.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठीतले बरेचसे व्यावसायिक पॉडकास्ट इथे घसरतात. लिहिलेला मजकूर वाचून दाखवला की तो परिपत्रकासारखा ऐकू येतो. ‘सदर योजनेअंतर्गत लाभार्थ्यांना’ असे कोणी कोणाशी बोलत नाही. याच्या उलट टोकाला इंग्रजी शब्दांची दाटी असते, ज्यात क्रियापद तेवढे मराठी उरते. बाजारात लोक खरोखर जे बोलतात ते या दोहोंच्या मधले आहे आणि अगदी नेमके आहे. इनपुट क्रेडिट, ओव्हरड्राफ्ट, डिस्पॅच हे शब्द तसेच ठेवावेत. दुकानदार तेच वापरतो. पण उधारी, पडता भाव, हुंडेकरी, मापारी, उचल, पोटखर्च, खेळते भांडवल हे शब्दही त्याच्याच तोंडी आहेत आणि ते सोडून देण्याचे काही कारण नाही.

आकड्यांची गोष्ट तर खास. कान १७.३८ टक्के धरून ठेवू शकत नाही. ‘सहा रुपयांतला एक रुपया’ धरतो. लागोपाठ तीन आकडे सांगितले की पहिला गळतो. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन ही आपली अपूर्णांकांची सोय खास कानासाठी घडलेली आहे आणि पॉडकास्टमध्ये ती सोन्यासारखी उपयोगी पडते. ज्याला अचूक आकडा हवा त्याच्यासाठी तो भागाखालच्या मजकुरात लिहून ठेवावा. आणि बोलीबद्दल: नांदेडच्या विक्रेत्याशी, चंद्रपूरच्या ठेकेदाराशी किंवा सावंतवाडीच्या काजू कारखानदाराशी झालेल्या मुलाखतीतले हेल आणि शब्द घासून पुसून सपाट करू नयेत. त्या हेलांतच ऐकणाऱ्याला आपला माणूस भेटतो. शुद्ध आवाजाच्या निवेदकाचा आग्रह हा आकाशवाणीच्या एका काळाचा वारसा आहे. तिथे तो शोभला. मालेगावच्या यंत्रमागधारकाला मात्र दुसरा यंत्रमागधारकच ऐकायचा असतो.

तंत्राचे म्हणाल तर खोलीचा घुमारा हा सर्वांत मोठा शत्रू. पडदे, गाद्या, गोधड्या असलेली झोपायची खोली काचेच्या सभागृहापेक्षा चांगली. माईक तोंडाजवळ, पंखा बंद, आणि दूरच्या पाहुण्याने आपला आवाज आपल्या फोनवर वेगळा ध्वनिमुद्रित करून पाठवावा. इतके केले तरी निम्म्याहून अधिक अडचणी संपतात.

कायद्याकडे मात्र घाईने पाहून चालणार नाही. भारतात तिमाही निकालांनंतर विश्लेषकांशी संवाद साधणाऱ्या सूचिबद्ध कंपन्यांनी त्याचे ध्वनिमुद्रण आणि लिखित प्रत जाहीर करावी, अशी तरतूद सेबीने २०२१ मध्ये आपल्या नियमांत केली. म्हणजे आपल्या मोठ्या कंपन्यांचे प्रमुख प्रत्यक्षात कसे बोलतात, कुठे थबकतात, हे कोणालाही ऐकता येते. व्यवसायसंवाद शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा खजिना ऐकावा. शिवाय त्यातून एक सावधगिरीही शिकावी, की शेअरच्या भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती गप्पांच्या ओघात सुटली तर तो गुन्हा ठरू शकतो. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगितली पाहिजे, असे जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना समाजमाध्यमांवरच्या प्रभावी व्यक्तींना बजावतात, आणि पॉडकास्टच्या यजमानानेही ते बंधन आनंदाने पाळावे. चित्रपटगीताचे दहा सेकंद ‘चालतात’ हा समज चुकीचा आहे. आणि ज्या गिऱ्हाइकाचा आवाज वापरायचा त्याची लेखी संमती घ्यावी, मग तो कितीही ओळखीचा असो.

हा विषय आत्ताच निकडीचा का, याचे उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये गूगलच्या नोटबुकएलएमने अशी सोय दिली की कोणताही दस्तऐवज टाकला की दोन कृत्रिम आवाज त्यावर हसतखेळत गप्पा मारतात. वार्षिक अहवालाचा पॉडकास्ट आता काही मिनिटांत तयार होतो. काही कामांना हे उत्तम आहे. अंध कर्मचाऱ्याला नियमपुस्तिका ऐकायला मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. पण बँकेच्या अध्यक्षाचा आवाज यंत्राने घडवून ठेवीदारांना धीर देणे मला अनुचित वाटते. त्या धीराला वजन येते ते तो माणूस स्वतः बोलायला बसला यामुळे. जिथे कृत्रिम आवाज असेल तिथे तसे सुरुवातीलाच सांगावे, एवढी मर्यादा प्रत्येक व्यवसायाने स्वतःहून घालून घ्यावी. गुळगुळीत आवाज फुकट मिळू लागल्यावर लोक खऱ्या आवाजाची पारख अधिक बारकाईने करतील, असा माझा विश्वास आहे.

या सगळ्या पसाऱ्यात हे पुस्तक काय करू पाहते? लेखिका रेडिओ आणि उद्योग या दोन्ही बाजूंनी या कामाकडे आली आहे, आणि तिने पुस्तकाची मांडणी श्रोत्यांवरून केली आहे: गिऱ्हाईक, विक्रेता, कामगार, सभासद, गुंतवणूकदार. या प्रत्येकाला ऐकायला वेळ केव्हा मिळतो आणि त्याचा उलट प्रश्न कोणत्या वाटेने येईल, यावरून भागाची लांबी, भाषा, वारंवारता ठरते. सहकारी संस्थांना तिने दिलेली जागा मराठी पुस्तकात असायलाच हवी होती. हजारो सभासदांना दरवर्षी जाडजूड अहवाल पाठवणाऱ्या आणि वार्षिक सभेत गोंधळाला तोंड देणाऱ्या संचालक मंडळांनी तो भाग आधी वाचावा. यंत्रांची आणि ॲपची यादी तिने जाणूनबुजून दिलेली नाही. ती वर्षभरात शिळी झाली असती. ज्यांना स्वतःचा चाहतावर्ग उभा करून जाहिरातींवर जगायचे आहे त्यांच्यासाठीही हे पुस्तक नाही, तो वेगळा धंदा आहे.

एका बाबतीत माझे आणि लेखिकेचे जमले नाही. तिच्या मते प्रत्येक भाग वीस मिनिटांच्या आत असावा. मला वाटते, विषय जाणणारी दोन माणसे जिथे खरोखर वाद घालत आहेत तिथे घड्याळ बाजूला ठेवावे. वाचकाने आपल्या अनुभवावरून ठरवावे.

पुस्तकाच्या अखेरीस सहा भागांचा एक आराखडा आहे. पहिले सहा भाग करायचे, मग थांबायचे, आलेले प्रश्न समोर मांडायचे आणि सातवा भाग करायचा की नाही ते ठरवायचे. न करणे हाही निर्णय तिने मोकळेपणाने मान्य केला आहे. आणि ज्यांची सगळी मिळून शंभरच गिऱ्हाइके आहेत त्यांना तिचा सल्ला आहे की पॉडकास्ट राहू द्या, एकेकाला फोन करा.